रुंद टायर

भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमच्या क्वार्टरसमोर बाबांची जुनी गाडी उभी असायची. थंडीत तिची बॅटरी हमखास दगा द्यायची. मग मी स्टिअरिंगवर बसायचे आणि बाबा मागून ढकलायचे. रस्ता सपाट, गाडी लहान. थोडी पळाली की मी क्लच सोडायचे आणि इंजिन खोकत सुरू व्हायचं. बाबांना कारखान्याच्या फाटकाशी उतरवून मी पुढे एमपी नगरला ऑफिसात जायचे.

टायर गुळगुळीत झाले तेव्हा मी म्हटलं, ‘‘या वेळी टायर माझ्याकडून.’’ मला नुकतीच नोकरी लागली होती.

दुकानात बाबांनी आधीच्याच मापाचे, बारीक टायर मागितले. मला ते सायकलचे वाटले. शेजारच्या काकांच्या नव्या गाडीचे रुंद टायर माझ्या डोळ्यांत भरले होते. दुकानदाराने तशीच एक जोडी पुढे केली. ‘‘मॅडम, ये हाई स्पीड वाला है. हाईवे पे मक्खन चलेगा.’’

‘‘अगं, आपण हायवेवर जातो कधी?’’ बाबा म्हणाले. ‘‘हे जड असतात. गाडी ओढत नेईल त्यांना.’’

‘‘बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत इंजिनिअरिंग काढता.’’

ते हसले. मी ते रुंद टायर बसवून घेतले. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्याच आठवड्यात एका सकाळी गाडी सुरू होईना. बाबांनी ढकललं. गाडी जराशी हलली आणि थांबली. मी आरशात पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला उशीर होत होता. मी काच खाली करून ओरडले, ‘‘बाबा, अजून थोडं जोरात!’’

त्यांनी खांदा लावून रेटलं. गाडी सुरू झाली. मागे वळून बघते तर बाबा कमरेवर हात ठेवून रस्त्यात वाकून उभे. त्यांना सरळच होता येईना.

डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. मी उशाशी बसून विचारलं, ‘‘टायरमुळेच ना?’’

‘‘टायर फिरताना जमिनीशी दबतो, परत फुगतो,’’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘‘दर फेरीला त्यात जोर जातो. वेगासाठी बनवलेला टायर जाड, त्यातून रुंद. जोर जास्त लागणारच. पण खरा दोष बॅटरीचा. ती मीच बदलली नाही.’’

‘‘दुकानात मला दटावलं का नाही?’’

‘‘तू इतक्या हौसेनं घेत होतीस.’’

त्या उत्तराने मला रडू फुटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी बसवून घेतली. टायर बदलायचं म्हटलं तर बाबा म्हणाले, ‘‘नवेकोरे टायर काढायचे? काहीतरीच काय!’’ काही आठवड्यांनी ते कामावर गेले. कंबर मात्र पूर्वीसारखी झालीच नाही. बुटाची लेस बांधायला त्यांना वाकता येईना. सकाळी मी खाली बसून ती बांधायचे, आणि ते भिंतीकडे बघत कारखान्यातलं काहीबाही सांगत राहायचे.