शिरपूरच्या यादीतलं नाव

“सासरी गेली आन् गोळ्या फेकून देल्ल्या तिनं. दुसरं काय?”

आसेगावच्या काकू व्हरांड्यात कंपाउंडरला सांगत होत्या. मी आत टेबलाशी बसून फॉर्मवर रेघा मारत होते. खिडकीला पडदा नव्हता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं आणि दिसतही होतं. काकूंच्या शेजारी बाकावर त्यांची मुलगी बसली होती. मे महिन्यात लग्न झालेली, पहिल्या दिवाळीला माहेरी आलेली. नवं पातळ नेसून, पदराचा बोळा तोंडाशी धरून. त्या बोळ्यावर रक्त होतं.

“मी गेलती,” ती म्हणाली. “चार खेपा गेलती. यादीत नाव नाई म्हने.”

कंपाउंडर हसले. यादी मशीनवर छापून येते, मशीन कायले लबाड बोलीन, असं त्यांनी तिला विचारलं. मग आत येऊन त्यांनी माझ्यासमोरचा, मुंबईहून आलेला कागद उचलला आणि बाहेर नेऊन काकूंना दाखवला. काकूंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो पाहिला. कागदावर लिहिलं होतं की शिरपूरच्या केंद्रावर तिच्या गोळ्यांची पाकिटं जूनपासून दर महिन्याला पोचली होती आणि न्यायला कोणी आलं नव्हतं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून. मी मान खाली घातली.

हे केंद्र शेलूबाजारला, रस्त्यालगतच्या दोन खोल्यांत होतं. क्षयाच्या नव्या गोळ्यांची एक पाहणी चालली होती. चार-पाच केंद्रं, प्रत्येक केंद्रावर डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकी दिवस कंपाउंडर. पेशंटची सगळी माहिती इंग्रजीत फॉर्मवर लिहून मुंबईला पाठवायची. तिथे ती जाड कार्डांवर भोकं पाडून कॉम्प्युटरला देत आणि महिन्याच्या शेवटी कॉम्प्युटर प्रत्येक केंद्राची यादी छापून देई. यादीत नाव असेल त्याच्या नावाचं पाकीट, आणि पाकीट असेल तरच गोळ्या. फॉर्म इंग्रजीत म्हणून मला नोकरी मिळाली. मी अकोल्याच्या वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि घरी परत आल्यावर काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं. कंपाउंडर मला ‘कॉन्व्हेंटवाल्या बाई’ म्हणत. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी तसं कधी बोलले नाही. एकूणच मी बोलत नसे. विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच.

आसेगावची ती मुलगी माझ्याच वयाची. गेल्या हिवाळ्यात उपचार सुरू झाले तेव्हा दर महिन्याला यायची आणि पाकीट घेऊन झालं तरी माझ्या टेबलाशी उभी राहायची. मी मोठ्या अक्षरांत लिहीत असे ते पाहत राहायची. एकदा म्हणाली, माहं नाव यात कोनतं? मी दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, शाई ओली होती, आणि मला तो फॉर्म पुन्हा भरावा लागला. तेवढ्यावरून आमची ओळख झाली. मार्चपर्यंत तिचा खोकला थांबला, अंगावर थोडं मांस आलं. एप्रिलमध्ये काकूंनी सांगितलं की शिरपूरचं स्थळ ठरलं. सासरी फक्त अशक्तपणा म्हणून सांगितलंय, टॉनिकच्या गोळ्या चालू आहेत म्हणून. डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण तिच्या थुंकीत आता काही सापडत नव्हतं, आणि वर्षभर गोळ्या चुकल्या नाहीत तर ती ठणठणीत राहील असं ते म्हणाले. शिरपूरला आमचंच केंद्र होतं. ती तिथून गोळ्या घेईल असं ठरलं. उपचाराचं कार्ड मात्र काकूंनी स्वतःकडे ठेवून घेतलं. सासरी कोणाच्या हाती पडायला नको. नाव सांगितलं की पाकीट मिळतं, मग कार्ड कशाला?

पेशंटचं नाव आणि केंद्र बदललं की दोन फॉर्म भरायचे. एक नावाचा, त्यात नाव आणि गाव. दुसरा केंद्राचा. दोन्ही एकाच लिफाफ्यात पाठवा, असं पुस्तिकेत ठळक छापलं होतं. ती पुस्तिका केंद्रात फक्त मी वाचली होती.

पण तिचं नवं नाव अजून कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतं, नुसतं आडनाव नाही, सगळंच. नवरा ताटातल्या तांदळात बोटाने काय लिहील ते त्या क्षणापर्यंत कळत नाही. आणि पाकिटं महिनाभर आधी तयार होत. लग्नापर्यंत थांबलं तर जूनचं पाकीट शेलूबाजारलाच आलं असतं आणि नव्या नवरीला ते घ्यायला इकडे कोण पाठवणार? म्हणून मी केंद्राचा फॉर्म आधी पाठवला. नावाचा मागून पाठवू म्हटलं. मला वाटलं, मी तिच्यासाठी घाई करते आहे.

लग्नाला मी गेले होते. तांदळातलं नाव मी लांबूनच वाचलं. निघताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “या नावाची आमच्याकडे म्हैस होती वो.” आणि इतकी हसली की तिची मुंडावळ सरकली. दुसऱ्या दिवशी मी नावाचा फॉर्म भरून टपालात टाकला. पुढच्या महिन्याच्या आमच्या यादीत ती नव्हती. नाव गेलं म्हणजे काम झालं, असं मी धरलं.

आणि आता दिवाळीत ती बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, इंजेक्शन लिहून दिलं आणि चिडून विचारलं की गोळ्या का सोडल्या. तिने नाही म्हणून मान हलवली. काकूच बोलत राहिल्या. मग डॉक्टरांनी मला फॉर्म भरायला सांगितला. उपचार थांबण्याचं कारण या रकान्यात एक ते सहा आकड्यांपैकी एक लिहायचा असतो. चार म्हणजे पेशंटने स्वतः सोडले. डॉक्टर म्हणाले, “चार.”

मी चार लिहिला.

ती गेल्यावर मला चैन पडेना. मी जानेवारीपासूनच्या याद्या काढून टेबलावर पसरल्या आणि पट्टी धरून एकेक ओळ पाहिली. मेपर्यंत ती आमच्या यादीत होती, जूनमध्ये नव्हती. नव्या नावानेही ती त्यात नव्हती. मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. घरी न विचारता एसटीत बसले, मालेगावला गाडी बदलली आणि शिरपूरला उतरले. देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीतून वाट काढत, केंद्र विचारत गेले.

शिरपूरचे कंपाउंडर म्हातारे होते. त्यांनी मला चहा दिला आणि यादी पुढे केली. ती तिथे होती. जूनपासून प्रत्येक यादीत होती. पण माहेरच्या नावाने, वडिलांच्या नावाने, माहेरच्या आडनावाने, आणि गावाच्या ठिकाणी आसेगाव. पेशंटचा क्रमांक मात्र नवा, शिरपूरचा. ही पोरगी कोन, आमाले माहीतच नाई, ते म्हणाले. पाकीट यायचं, महिनाभर पडून राहायचं, मग परत जायचं.

मी विचारलं, गोळ्या मागायला कोणी नवी सून यायची का.

“यायची ना. ननंदेसंगं यायची. पण ते नावच दुसरं सांगे. म्या दोन-दोन डाव यादी पाह्यली बाई. नाई म्हनतलं तं उगीमुगी उभी राहे.”

तिने सांगितलेल्या नावात आणि यादीतल्या नावात तीनपैकी एकही शब्द जुळत नव्हता. त्यांचा काही दोष नव्हता.

परत येताना एसटीत मला हळूहळू कळत गेलं. आमच्या केंद्रातल्या पेशंटांचे क्रमांक सातने सुरू व्हायचे, शिरपूरचे नऊने. मी केंद्राचा फॉर्म आधी पाठवला, तेव्हा कॉम्प्युटरने तिला शिरपूरला नेलं आणि नवा क्रमांक दिला. मग माझा नावाचा फॉर्म गेला तो जुन्या क्रमांकाने. त्या क्रमांकाचं आता कोणी नव्हतंच. एक अर्धा बदल झाला, दुसरा अर्धा वाऱ्यावर राहिला. दोन्ही फॉर्म एकत्र गेले असते, तर मशीनने नाव आधी बदललं असतं आणि मग केंद्र. नाव कळेपर्यंत दोन्ही थांबवले असते, तर एका महिन्याचा प्रश्न होता.

मग आठवलं की असे क्रमांक न जुळलेले फॉर्म कॉम्प्युटर यादीच्या शेवटच्या पानावर छापतो. पुस्तिकेत तेही लिहिलं होतं. जूनचं शेवटचं पान मी पाहिलं नव्हतं, कारण ते माझ्यापर्यंत येतच नसे. त्या पानावर बहुतेक वेळा दोन-तीनच ओळी असायच्या आणि कागद चांगला रुंद, जाड. कंपाउंडर तो फाडून औषधांच्या कपाटात अंथरायचे. मी पहिल्याच महिन्यात त्यांना तसं करताना पाहिलं होतं. तो कागद मला लागतो एवढं त्यांना सांगायचं होतं. मी दोनदा उठलेही होते. मग वाटलं, कॉन्व्हेंटवाल्या बाईला आता रद्दीही पाहिजे म्हणतील. मी परत बसले.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर जेवायला गेले तेव्हा मी कपाटातल्या बाटल्या उतरवल्या. तिसऱ्या फळीवर, खोकल्याच्या औषधाच्या चिकट गोल डागांखाली ते पान होतं. एकच ओळ होती. तिचा जुना क्रमांक, तिचं नवं नाव, आणि पुढे, नोंद सापडली नाही.

मी त्याच दिवशी दुरुस्तीचे फॉर्म भरले. आता दोन्ही, एका लिफाफ्यात. कारणाचा रकाना बदलायला मात्र डॉक्टरांची सही लागत होती, आणि सहीसाठी डॉक्टरांना सगळं सांगावं लागलं असतं. तो फॉर्म मी भरून खणात ठेवला.

सासरच्यांना तिच्या क्षयाचं दिवाळीतच कळलं. ते न्यायला आले नाहीत. निरोप आला की आम्हाला फसवलं. काकूंनी तो राग मुलीवर काढला. गोळ्या खाल्ल्या असत्या तर कोणाला कळलं असतं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. इंजेक्शनं चालू होती, पण ताप उतरत नव्हता.

डिसेंबरात मी आसेगावला गेले. सांगायचंच म्हणून गेले होते. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, काकू तिथेच तुरी निवडत होत्या. ती खूप वाळली होती. मला पाहून हसली. मग आपणच सांगू लागली की नणंद बाजूला उभी असायची, जुनं नाव कसं सांगणार, घरी म्हणतील अजून माहेरच्याच नावाने फिरते. काकू हात न थांबवता म्हणाल्या की झालं, हिचं पुन्हा सुरू झालं.

ती माझ्याकडे वळली. “तू तं कागद वाचतं,” ती म्हणाली. “तुले सापडलं काय काही?”

काकूंचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या पिशवीत ते चिकट डागांचं पान घडी घालून ठेवलेलं होतं.

मी म्हटलं, “बघते आहे.”

तिने मान डोलवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने मी निघाले. बसमध्ये मी स्वतःला सांगितलं की पुढच्या आठवड्यात, काकू शेतात गेल्या असताना येईन. पुढच्या आठवड्यात याद्यांचं काम निघालं. नव्या यादीत ती बरोबर छापून आली होती. नाव बरोबर, गाव बरोबर, क्रमांक बरोबर. आणि शेवटच्या रकान्यात चार.

जानेवारीत ती गेली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी आसेगावला गेले. ओसरीवर बायका बसल्या होत्या. मला कोपऱ्यात जागा दिली, पाणी दिलं. काकू भिंतीला टेकून बोलत होत्या, आवाज बसला होता, रडणं संपलेलं होतं. शेजारच्या एका बाईला त्या सांगत होत्या की पोरगी गेली त्याचं दुःख आहेच, पण एक गोष्ट गिळवत नाही.

“शेवटच्या दिशीही म्हने, माय, मी चार खेपा गेलती,” काकू म्हणाल्या. “मरता मरता मायशी लबाड बोलली. मी तिले म्हनलं, आता तरी खरं सांग. तं तोंड फिरवून घेतलं तिनं.”

एका बाईने काकूंच्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांच्या मधून उठून जाणं मला नेहमी अवघड वाटतं, त्या दिवशीही वाटलं. मी उठून काकूंच्या समोर जाऊन बसले. ते पान काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना ते वाचता येणार नव्हतं, म्हणून मला बोलावंच लागलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, “काकू, ती खोटं बोलत नव्हती. ती चारही वेळा गेली होती. तिचं नाव तिथं पोचलं नाही ते माझ्यामुळे, आणि मला हे ती जिवंत असतानाच कळलं होतं.”