फुलपात्रातलं पाणी

बाबा गेले त्या जागी दिवा लावला होता आणि शेजारी पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं होतं. रोज सकाळी पाणी थोडं खाली गेलेलं असायचं. "प्यायले," असं म्हणून आई ते पुन्हा भरायची. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी त्यांचं पाणी बंद केलं होतं. आम्ही नुसता ओला कापूस ओठांवरून फिरवायचो. आता त्यांना कोण अडवणार?

मी रसायनशास्त्र शिकवतो. उघड्या पाण्याची वाफ व्हायला ते उकळावं लागत नाही, हे मला कळतं. आईला ते सांगवलं मात्र नाही.

मग पावसाची झड लागली. हवाच पाण्याने भरलेली, ती आणखी कुठे घेणार? सकाळी पाहिलं तर फुलपात्र काठोकाठ भरलेलं. आई उठायची होती. ओतून द्यायला मन होईना, म्हणून मी त्यातलं घोटभर प्यायलो.

पाण्याला चव नसते, वास नसतो. स्वतःचं काही नसतं म्हणूनच की काय, जवळ येईल त्याला ते आपल्यात सामावून घेतं. त्या घोटाला बाबांच्या छातीला चोळायच्या कापराच्या तेलाचा वास होता. खोलीतलाच असणार. असणारच.

आई आली. खाली गेलेलं पाणी पाहून तिचा चेहरा निवळला. दिव्याकडे बघत तिने विचारलं, "अहो, अजून हवंय का?"

"हो," मागे उभा असलेला मी म्हणून गेलो.

आई वळून न बघता पाणी ओतू लागली.