रेडिओची खरखर आणि अंगणातली विहीर

आमच्या अंगणात गावाने विहीर खणायला घेतली, त्यात माझा दोष एवढाच की मला रेडिओ नीट ऐकायचा होता.

झाले असे. माझा मेहुणा बाळू ऊसतोडीची टोळी सोडून आखातात कामाला गेला होता. सहा महिने पत्र नाही. मग एकदाचे आले: ‘पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, इथल्या रेडिओवर आईला निरोप सांगणार आहे.’ सोबत शॉर्टवेव्हचा आकडा. आम्ही शिरूर कासारला सासूबाईंना कळवले, तर त्या यष्टीने स्वतःच हजर. तीन आठवडे आधी!

मी पत्र वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली.

“कागूद कुणीबी लिवतंय, जावईबापू. मला त्याचा आवाज पायजे.”

रात्र रात्र त्यांना झोप नव्हती. इकडे त्या आकड्यावर काटा नेला, की फोडणीत पाणी पडावे तशी चरचर!

“एरियलची दिशा चुकलीय,” मी जाहीर केले. (मी गावात मास्तर. जाहीर करायची सवयच होती.) तांब्याची तार लिंबापासून आढ्यापर्यंत ओढली. पूर्व-पश्चिम झाली, दक्षिण-उत्तर झाली. मी लिंबावर, बायको सुमन खाली तार धरून, सासूबाई रेडिओपाशी.

“आता?”

“खरखर!”

“आता?”

“आता लई खरखर!”

लिंबावरच्या सगळ्या दिशा संपल्यावर मी पुस्तक काढले. त्यात लिहिले होते, अर्थिंग हवे. लोखंडी पहार ओल्या जमिनीत रोवून तिला तार जोडावी. ओल्या! त्या साली गावाची विहीर कोरडी ठाक होती आणि टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर. पण दिवस मावळला की खरखर आपोआप कमी व्हायची. म्हणजे गारव्याने जमीन ओलावते आणि रेडिओ सुधारतो, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला, आणि रोज पहाटे एक कळशी पाणी पहारीच्या बुडाशी ओतू लागलो.

“अवो, एवढ्यात दोन दिसाची भांडी निगत्यात!” सुमन कळवळली.

“तुझ्या आईसाठीच चाललंय ना?”

तिने कळशी माझ्या हातात दिली. (लग्नानंतर मी जिंकलेला हा एकमेव वाद.) गावाला मात्र पत्ता लागू दिला नाही. टँकरचे पाणी मातीत ओततो हे कळते, तर लोकांनी मला टँकरलाच बांधून फिरवले असते.

दहा-बारा दिवसांत पहारीभोवती हराळी उगवली. गावातली तेवढीच हिरवळ! शेजारच्या केरबातात्यांची शेळी दावे तोडून तिथे आली आणि हलेचना. केरबातात्या शेळ्या राखायचे आणि जोडीला तळहातावर नारळ ठेवून जमिनीतले पाणीही बघायचे. त्यांनी नारळ आणला. नारळ उभा राहिला!

“चाळीस फुटावर झरा हाय! जनावराला आदी कळतंय!”

सोसायटीचे चेअरमन धावत आले. “गुर्जी, गावासाटी अंगण द्या. माणसं आन् सुरुंगाचं सोसायटी बगंल. रईवारी मुहूर्त!”

मी हो म्हणालो. नाही म्हणण्याचे कारण सांगता आले नसते.

बाळूच्या निरोपाच्याच रविवारी दुपारी सगळा गाव अंगणात. बायका रिकाम्या घागरी घेऊन आलेल्या. त्यांचे चेहरे बघून मला खरोखर शरम वाटली, पण तोंड उघडेना. पावणेचारला एकाने पहार उपटली.

“ही कावून रोवलीय हितं?” चेअरमननी विचारले.

“म्हशीला बांधायला.”

“कंची म्हस, गुर्जी?”

आमच्याकडे म्हैस नव्हती. आत सासूबाई रेडिओला कान लावून बसलेल्या, इकडे पहिली कुदळ वर गेलेली! शेवटी सुमन पुढे झाली.

“थांबा! हितं पानी न्हाई! ह्यांनी रोज कळशीभर वतलंय, रेडूसाटी!”

केरबातात्यांचा नारळ हातातून पडला. चेअरमन माझ्याकडे वळले, आणि एवढ्यात घरातून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत!

“आई, मी बाळू. मी खुशाल हाय. जेवून ऱ्हा. काळजी करू नगस.”

सासूबाईंनी रेडिओच छातीशी धरला. त्या ढसाढसा रडल्या, सुमन रडली, घागरीवाल्या बायकांनीही डोळे पुसले. चेअरमन मला काय बोलणार होते, ते विसरले.

मी मात्र चक्रावलो. पहार तर उपटलेली! “मग खरखर गेली कुठे?” मी मोठ्यानेच विचारले.

“कसली खरखर? चक्कीची?” गर्दीतून चक्कीवाला बाबूभाई म्हणाला. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच सोसायटीची पिठाची चक्की होती, विजेच्या मोटारीवर, दिवसभर चालणारी. “मी तर चक्की बंद करून हीर बगाया आलतो.”

मोटार बंद, खरखर बंद! सुमनने माझ्याकडे सावकाश बघितले.

“म्हंजी बाबूभाईला घडीभर चक्की बंद ठेव म्हनलं असतं, तर भागत व्हतं?”

पदराने डोळे पुसत सासूबाईच माझ्या मदतीला आल्या.

“आगं, जावईबापूंना नको बोलूस. लई शिकल्याला मानूस हाय. त्यास्नी एवढं साधं कुठनं सुचनार?”