सोळाव्या किल्ल्याचा साक्षीदार

पासली गावच्या धनाजीला जुन्या व्हिडिओ गेमचं भारी कौतुक. लेक स्नेहल मोबाईल घेऊन बसली की याची टकळी सुरू. आमच्या गेमला तीन जीव, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. तुमचं काय, मेलं तरी तिथंच उठायचं! घरात सगळ्यांना हे पाठ झालं होतं. एक गोष्ट मात्र तो कधीच सांगत नसे.

चोवीस वर्षांपूर्वी मामाने भोरहून आणलेला गेम गावात फक्त त्याच्याच घरी होता. एक शिपाई, सोळा किल्ले आणि शेवटी राजाची भेट. खेळलेलं साठवून ठेवायची सोय नव्हती, म्हणून पोरांनी नियम केला होता: किल्ला सर केला म्हणायचं तर पाहणारा हवा. धनाजीची धाव अकराव्यापर्यंतच. एका दुपारी दोघंच खेळत असताना तो पाणी प्यायला उठला आणि परत येतो तर शेजारच्या पप्पूने सोळावा सर केलेला. राजाने शिपायासमोर टोप काढला, तर राजा चक्क टकला. तेवढ्यात लाईट गेली. धनाजीने दारातून सगळं पाहिलं आणि त्याच्या पोटात दुखलं. गेम आपला आणि नाव याचं? तो आल्या पावली मागे फिरला. पप्पूने टकल्या राजाचं सांगितलं आणि पोरांनी धनाजीला विचारलं, तेव्हा म्हणाला, म्या काय न्हाई पाह्यलं.

तेव्हापासून पप्पू गावाचा थापाड्या झाला. पुढे त्याने गोठ्यामागे बिबट्या पाहिल्याचं सांगितलं, तर लोक विचारायला लागले, टोप घातला होता का? तिसऱ्या दिवशी साळूबाईच्या दोन शेळ्या बिबट्याने नेल्या. धनाजीला आपली चूक कळली, पण खरं सांगायला तो काही गेला नाही.

परवा स्नेहलने तोच गेम मोबाईलवर उतरवला. जागोजागी साठवत दोन दिवसांत ती शेवटाला पोचली आणि राजाने टोप काढला. पप्पूकाका खरंच सांगत होते की, म्हणत ती हसली. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकते म्हणाली.

धनाजीला वाटलं, आयतीच सुटका झाली. आताच्या गेमला पाहणारा लागतच नाही. दारात कोण उभं होतं, हे आता कोण विचारतंय? मग त्या विचाराचीच त्याला शरम वाटली. लेकीला जरा थांब म्हणून तो चपला घालून पप्पूच्या भातखाचराकडे निघाला.

पप्पू बांध लिंपत होता. धनाजीने आडवळण घेतलं नाही.

"त्या दिशी मी दारात हुतो, पप्पू. टकला म्याबी पाह्यला हुता."

पप्पूचा हात थांबला नाही. "ठाव हाय. लाईट गेली तवा टीव्हीच्या काचंत तूच दिसलास."

धनाजी चपलांसकट चिखलात उतरला. मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, असं त्याने कसंबसं विचारलं.

पप्पूने पहिल्यांदा वर पाहिलं.

"म्या सांगितलं असतं, तर खरं कुणी मानलं असतं?"