टीएक्सआरकेआय सर

"अहो, तुमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही!" जगताप सर लॅबच्या दारातूनच ओरडले. मी दौंडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी, पंखा बंद पडला तरी मीच.

सरांच्या मागे वरवंडची सारिका. इतिहासाची विद्यार्थिनी, तिला दिसत नाही. तिच्या लॅपटॉपवर मी स्क्रीन रीडर टाकून दिला होता. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवतं, बाईच्या आवाजात. सोमवारी टेस्ट, आज शुक्रवार, आणि सरांच्या नोट्स उघडल्या की बाई नुसती एबीसीडी म्हणे.

"आजवर मैत्रीण वाचून दाखवायची, ती लगीन होऊन गेली," सारिका म्हणाली. "आता परत कुणाच्या दारात जाऊ? बातम्या तर मशीन मराठीत वाचतंय की!"

"पंधरा वर्षं टाइप करतोय मी," सर तापले. "एक वेलांटी चुकलेली दाखवा."

वेलांटी चुकली नव्हतीच. फॉन्ट जुना होता. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठी दिसतात. पोत्यावर गहू लिहायचं आणि आत ज्वारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण सारिकाला फाइल देताना मीच ती नुसती डोळ्यांनी बघून "ओके" म्हणालो होतो. मी सरांच्या नावावर कर्सर नेला.

"टी, एक्स, आर, के, आय," बाई म्हणाली.

"हे कोण?"

"तुम्हीच, सर."

सारिका हसून हसून बाकावर आडवी. सर मटकन खुर्चीत बसले. "सगळं परत टाइप करायचं?"

तसं नव्हतं. युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीत, बदलून देणारा कन्व्हर्टर असतो. पण तो अर्धवट. रफार भलत्याच अक्षरावर नेऊन बसवतो. शनिवारभर सारिका ऐकत होती, बाई अडखळली की "थांबा" म्हणत होती आणि सर दुरुस्त करत होते. चहा मी आणला, प्रायश्चित्त म्हणून.

"सर, ह्यो पॅराग्राफ दोनदा हाय," सारिका मध्येच म्हणाली. पंधरा वर्षांत हे कुणीच सांगितलं नव्हतं.

टेस्टमध्ये तिला वीसपैकी सतरा.

"तीन मार्क कुठं घालवलेस?" सरांनी वर्गात विचारलं.

"त्यो प्रश्न नोट्समधी नव्हता, सर."

आता कुणीही फाइल आणली की मी ती बघत नाही. आधी ऐकतो.