न फुटलेल्या थाळ्या

माझ्या सासऱ्यांइतका घाबरट नेमबाज अख्ख्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही, हे मी इस्लामपूरच्या भर चौकात उभा राहून सांगेन. मामा पलटणीतून सुभेदार होऊन परतले, चार निवृत्त सोबती जमवले आणि कोरेगावजवळच्या माळावर उडत्या थाळ्या टिपायचा क्लब काढला. कुंभाराकडून बशीएवढ्या थाळ्या भाजून घ्यायच्या, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने जुळवलेल्या यंत्राने आभाळात फेकायच्या आणि छर्ऱ्यांनी फोडायच्या. बाकीचे धडाधड फोडत. मामा बंदूक खांद्याला लावून समोरच्या बांधाकडे ओरडत, "पल्याड कोन हाय का वो?" बांधामागून मेंढरांची वाट जाते ना! दोनदा विचारून "सोड" म्हणत, थाळी उडे, आणि तेवढ्यात यांना पुन्हा शंका येई. तिसऱ्यांदा विचारून होईतो थाळी गवतात. मग सगळ्यांनी फोडलेल्या खापऱ्या हेच पाटीत वेचत बसत, मेंढराच्या पायात घुसतील म्हणून. तोवर भाकरीला शिवत नसत.

क्लबचा इतिहास लिहायचा तर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसूनच लिहावा लागेल. मामांची प्रत्येक अख्खी थाळी तिथे कशाची ना कशाची झाकणी झाली आहे. "ह्येंच्या बंदुकीनं माजी भांडी तेवढी झाकली," असं त्या येईल त्याला सांगतात.

यंदा मामांचे डोळे अधू झाले. सोमवारी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची ठरली. रविवारी शेवटची पाळी. "एक तरी फुटू द्या वो," सासूबाई मला म्हणाल्या. मामांना शंकेला जागाच नको म्हणून मी लाल फडकं घेऊन बांधामागे गेलो, मेंढरं लांब थोपवली आणि खाली बसलो.

"पल्याड कोन हाय का वो?"

"कोन न्हाई, मामा!"

पुन्हा तेच. मग "सोड!" थाळी उडाली. मी कान दाबले. बार होईना.

"आन् तुमी वो, जावईबापू? तुमी हायसा न्हवं पल्याड!"

थाळी माझ्या पायाशी गवतात पडली. मामा काडतुसं काढून धापा टाकत आले. मी चिडून म्हणालो, "अहो, शेवटची होती!"

"माजी लेक हाय तुमच्या घरात," ते म्हणाले. "थाळी काय, कुंभार दुसरी देतोय."

इतकी वर्षं मी ज्या भीतीला हसलो, तिच्यात मीही होतो, हे मला तेव्हा कळलं. बंदूक जमा झाली. ती थाळी मी मागून घेतली. आमच्या दह्यावर असते, आणि उचलताना मी ती दोन्ही हातांनी धरतो.