पोशीरची सुगंधा पोशीरचीच आहे

लोकांची कागदपत्रं भरायला बसलं की किस्से झेरॉक्ससारखे साठतात. एक मागितला की तीन निघतात! बी.ए. झाल्यापासून मी एका सरकारी ऑफिसबाहेर टेबल टाकून अर्ज फुकट भरून देतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, उद्याही तिथंच जायचंय.

तिथलं लाडकं क्रियापद ‘पुन्हा सादर करणे’. शब्दकोशातला अर्थ: परत देणे. खिडकीवरचा अर्थ: आता घरी जा.

पोशीर गावच्या सुगंधाला नर्सिंगला जागा मिळाली. शुक्रवारपर्यंत रहिवासी दाखला दिला नाही तर जागा जाणार. सोमवारी अर्ज परत. शेरा: ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करा.’

“साहेब, त्रुटी कोणती?” मी विचारलं.

“ती तुम्ही शोधायची. आम्ही सांगितली तर तुम्ही शिकणार कधी?”

*

मंगळवारी वीजबिल जोडलं. “हे तर वडिलांच्या नावावर आहे!”

वडील, बाळूकाका, भाताची लावणी सोडून तसेच आले होते. त्यांनी पाय पुढे केला. “सायेब, ह्यो चिखल पोशीरचाच हाय. जोडू का?”

*

बुधवारी घराचा फोटो दिला. “यात घर आहे, मुलगी नाही.”

दुपारी सुगंधाला दारात उभं करून नवा फोटो दिला. “यात मुलगी आहे, पण घर झाकलं गेलंय.”

*

गुरुवारी मी चिडून तोच अर्ज, काहीही न बदलता, पुन्हा दिला.

“हां, आता सुधारणा दिसते,” साहेब म्हणाले. आणि परत केला!

*

शुक्रवार. परत आलेला अर्ज पुन्हा द्यायचा तर रांगेच्या शेवटी उभं राहायचं, हा तिथला नियम. बारा वाजता साहेब म्हणाले, “पुन्हा सादर करा.” सुगंधा डोळे पुसत शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे पंधरा-वीस माणसं.

“काय झालं गं पोरी?” तिच्या पुढं उभ्या असलेल्या म्हातारीनं विचारलं.

“मी पोशीरची हाय, ते त्यांना पटत नाय. आजचाच दिवस हाय.”

म्हातारी रांगेतून निघाली आणि सुगंधाच्या मागं जाऊन उभी राहिली. मग तिच्या पुढचा. मग सगळी रांगच. मिनिटभरात सुगंधा खिडकीवर!

“रांगेतून या!”

“रांगेतूनच आले, सायेब.”

“पुन्हा सादर करा.”

ती शेवटी गेली. रांग पुन्हा तिच्या मागं गेली.

तिसऱ्या फेरीला साजगावच्या कंपनीतला एक कामगार मागून ओरडला, “सायेब, आमचा हाफ डे गेलाच हाय. तुमी सावकाश होऊ द्या!”

चौथ्या फेरीला साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, दाखल्यावर शिक्का मारला आणि हळूच विचारलं,

“नर्सिंगला चाललीस ना? बीपी बघता येतो का गं तुला?”